छोट्या लाइनचं इंजिन, सागवानाचा पॅटर्न

नागपूर–नागभीड नॅरोगेज 1908 साली सुरू झाली आणि 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी थांबली. वडसा, नागभीड, सिंदेवाही, मूल या बाजूची छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेजच, त्याच्या कितीतरी आधी बंद झाली होती. या छोट्या लाइनवरच्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करायचं मी ठरवलं, तेही काचेच्या कपाटातलं नव्हे. कोळसा खाणारं आणि माणसाला ओढून नेणारं. लेथवरचं काम पुढचं. त्याआधी ड्रॉइंग आणि कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, मिळवायची असतात, आणि त्या शोधाने मला जे दिलं ते इथे मांडतो.

1. तयार संच त्याच इंजिनांचे मिळतात, ज्यांना आधी कुणीतरी जीव लावलेला असतो. इंग्लंडमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी 1898 मध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ मासिक काढलं. त्यात ‘एल.बी.एस.सी.’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थाने वर्षानुवर्षं एकेक इंजिन नटबोल्टांसह समजावून दिलं. त्याचं ‘टिच’ हे चिमुकलं इंजिन करून कित्येकांनी या छंदात पाऊल टाकलं. अशा इंजिनांची ड्रॉइंग, चाकं, सिलिंडर पैसे मोजले की घरपोच येतात. कॅटलॉग चाळताना मला हेवा वाटायचा. मग लक्षात आलं, ही सोय आभाळातून पडलेली नाही; कुणीतरी आधी बसून ती रेघ न् रेघ काढली आहे. आपल्या इंजिनांसाठी ते बसणं आपल्याच वाट्याला येणार.

2. आकडे कधी कधी आपल्या बाजूने उभे राहतात. आपल्या नॅरोगेजचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. मॉडेलवाल्यांचं एक रूढ गेज आहे पाच इंची, म्हणजे 127 मिलिमीटर. भागून पाहा, बरोबर सहा! मूळ इंजिनावरचा एक फूट मॉडेलवर दोन इंच होतो, हिशेब तोंडी जमतो. वजनाचं गणित मात्र वेगळं आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सहापट घटल्या की वजन 216 पट घटतं. पंचवीस टनांचं इंजिन साधारण 116 किलोवर येतं. तरीही ते एकट्याने उचलण्यासारखं नाहीच. दुसऱ्या टोकाला, नागपूरच्या इक्बाल अहमद यांनी दोन ग्रॅमहूनही हलकं वाफेचं इंजिन घडवलं, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. छोटं करणं ही वेगळी विद्या आहे, हे अशा कामाकडे पाहिलं की पटतं.

3. काय मागायचं ते कळल्याशिवाय ड्रॉइंग मिळत नाही. आपल्या छोट्या लाइनवरची बंगाल नागपूर रेल्वेची सी.सी. वर्गाची इंजिनं, पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन चाकांची, ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने बांधलेली. ही कंपनी 1903 मध्ये उभी राहिली आणि 1962 मध्ये बंद पडली. तिचे कागद ग्लासगो विद्यापीठाचा अभिलेखागार आणि तिथलं मिचेल ग्रंथालय यांनी जपले आहेत. पण ‘आमच्या जंगलातलं इंजिन’ एवढं सांगून कपाट उघडत नाही. वर्ग, वर्ष, कारखान्याचा क्रमांक, ऑर्डरचा क्रमांक हे हाताशी हवं. शिवाय जनरल अरेंजमेंट म्हणजे इंजिन कसं दिसतं, आणि डिटेल ड्रॉइंग म्हणजे ते कसं करायचं. पहिलं पाहून मन हरखतं, काम दुसऱ्यावर चालतं.

4. इंजिन स्वतः बोलतं, पण सगळं सांगत नाही. नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथे वाफेच्या इंजिनाशेजारी टेप, कॅलिपर आणि वही घेऊन उभं राहिलं की ड्रॉइंगमधली रेघ जाडी घेऊन समोर येते. मात्र टायर वर्षानुवर्षं रुळावर झिजलेले असतात, रंगाचे थर चढलेले असतात, एखादा भाग वर्कशॉपने कधीच बदललेला असतो. कागदही दमटपणाने फुगतो-आकसतो. म्हणून ड्रॉइंगवर लिहिलेलं माप घ्यायचं, पट्टी लावून मोजलेलं नाही. कागद आणि लोखंड समोरासमोर ठेवून दोघांची साक्ष काढावी लागते. या कामात मला सर्वाधिक आनंद मिळाला.

5. कास्टिंगची सुरुवात धातूपासून नाही, लाकडापासून होते: भागाचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, वाळूत दाबून साचा करतात. आणि लाकूड म्हटलं की आमच्या आलापल्ली-बल्लारपूरकडे पाहावं! सागवान ऊन-पावसाने फारसं हलत नाही, म्हणून पॅटर्नला चांगलं. धार मात्र लवकर बोथट करतं. बीड थंड होताना शंभरात साधारण एक भाग आकसतं, म्हणून सहा इंची चाकाचा पॅटर्न दीड मिलिमीटर मोठा हवा. वर मशिनिंगसाठी जादा माल, आणि वाळूतून अलगद निघावा म्हणून कडांना टेपर. सहा चाकांसाठी लाकडावरून ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतायचा, तर त्याचंही आकसणं आधीच धरायचं. मधल्या चाकाला कनेक्टिंग रॉडचा भार असतो, त्यामुळे त्याचं बॅलन्स वेट मोठं. ते पॅटर्नवर सुटं बसवायचं. हे सगळं पॅटर्न मेकरच्या बोटांत असतं. त्याच्या हातातली कडेने झिजलेली पट्टी पाहून मी नमस्कार केला.

6. टनांत काम करणाऱ्या फाउंड्रीला दोन किलोचं काम सांगायला आदब लागते. आपली कामं दिवसाच्या शेवटी, लॅडलमधल्या उरलेल्या धातूतून निघतात, तेव्हा वेळ त्यांची धरायची. पण काय हवंय ते नेमकं सांगायचं: चाकांना एफ.जी. 200 प्रतीचं बीड, सिलिंडरला बीड किंवा गनमेटल. मूळ सिलिंडरची पाऊण इंची भिंत मॉडेलमध्ये तीन मिलिमीटर होते, आणि तेवढ्या पातळ जागेत बीड धड भरत नाही. तिथे भिंत जाड ठेवावी लागते. मापाशी इमान राखायचं की धातूशी, हा प्रश्न तिथे सुटतो, धातूचं ऐकावं.

7. उत्तर कधी कधी जिल्ह्याच्या सीमेपलीकडेच असतं. आमच्या गडचिरोलीला लागून बस्तर आहे. तिथले ढोकरा कारागीर मेणाचा धागा गुंडाळून आकार घडवतात, त्यावर माती लिंपतात, मेण वितळवून त्या जागी पितळ ओततात. शिटी, गेजचे ब्रॅकेट, दिव्याची चौकट असे बारीक भाग जगभरचे मॉडेलवाले याच रीतीने ओतून घेतात. ज्या तंत्रासाठी मी परदेशी कॅटलॉग धुंडाळत होतो, ते पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदतं आहे.

8. पॅटर्न इंजिनापेक्षा जास्त जगायला हवा. पॅटर्न हरवला की कास्टिंग बंद होतात, आणि कास्टिंग बंद झाली की चांगलं ड्रॉइंगही पडून राहतं. म्हणून माझी मापं, ड्रॉइंग आणि सागवानाचे पॅटर्न मी नीट नाव-क्रमांक घालून ठेवतो. विदर्भातल्या कुणाही मुला-मुलीला छोट्या लाइनचं इंजिन करावंसं वाटलं, तर त्यांनी ते न्यावेत, चाकं ओतून घ्यावीत आणि पुढच्यासाठी परत आणून द्यावेत.