गाठीभोवतीची सूज

दादाच्या मेंदूत ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे कर्करोगाची गाठ, निघाला, तेव्हा उंद्रीत हे नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. चिखली, बुलढाणा करून आम्ही शेगावहून विदर्भ एक्सप्रेस धरली, परळचं टाटा रुग्णालय गाठलं आणि दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत उतरलो. डॉक्टरांना विचारून, वाचून आणि दादाकडे रोज बघून जे कळलं, ते लिहून ठेवतो. आपल्या भागातल्या दुसऱ्या एखाद्या घराला उपयोगी पडेल.

१. गाठीइतकीच तिच्याभोवतीची सूज माणसाला लोळवते.

ऐन सोयाबीनच्या सुगीत दादाच्या डाव्या हातातून वस्तू निसटायला लागल्या. वहिनी म्हणाली, "भाऊजी, यायले शर्टाचं बटनबी लावता येत नाही आता." डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत दादा ओट्यावर बसून स्वतः बटनं लावू लागला. डाव्या हाताची बोटं सावकाश चालत होती, पण काज चुकत नव्हतं. घरात आनंदीआनंद. गाठ मात्र होती तेवढीच होती. गाठीतल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात, त्यानं रक्तवाहिन्या झिरपतात आणि पाणी मेंदूत साचतं. कवटीला तर जागा वाढवून देता येत नाही. ओसरलं होतं ते हे पाणी.

२. प्रतिकारशक्ती 'वाढवून' हा आजार जात नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण गुळवेलीचा काढा सुचवायचा. माया खरी होती, पण मूळ समजूतच चुकीची. मेंदूला स्वतःच्या राखणदार पेशी असतात. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी 1919 मध्ये त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. ग्लिओब्लास्टोमाच्या गाठीत या पेशी आणि रक्तातून आलेल्या मॅक्रोफेज पेशी इतक्या असतात, की कधी कधी गाठीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त त्यांचाच भरतो. म्हणजे फौज पोचलेली असते. पण गाठ सीएसएफ-1, टीजीएफ-बीटा, आयएल-10 असे रासायनिक निरोप सोडत राहते. त्या निरोपांनी या पेशी गाठीला मारायचं सोडून तिलाच नव्या रक्तवाहिन्या आणि पसरायला वाट करून देतात. कुंपणानंच शेत खावं, तसं. आयएल-6 सारखे दाहाचे निरोप तर थेट गाठीच्या पेशींनाच वाढायला बळ देतात. शिवाय 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की या रुग्णांच्या कितीतरी टी-पेशी, म्हणजे लढणाऱ्या प्रतिकारक पेशी, हाडांच्या मज्जेतच अडकून पडतात, रक्तात उतरतच नाहीत. हे समजल्यावर मी काढ्याचा आग्रह धरणाऱ्यांना हात जोडून थांबवायला लागलो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. अंजली शिरस यांनी ग्लिओमाच्या, म्हणजे याच जातीच्या गाठींच्या, मूळपेशींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. असं काम आपल्याच राज्यात होतं, याचा मला फार आधार वाटला.

३. स्टेरॉइड देवासारखं धावून येतं, पण त्याचा हिशोब ठेवावाच लागतो.

मेंदूच्या सुजेवर डेक्सामेथासोन 1961 पासून वापरात आहे आणि आजही त्याच्यावाचून भागत नाही. पण ते सुजेबरोबर चांगल्या प्रतिकारक पेशींनाही गप्प करतं. साखर चढते, तोंडात पांढरी बुरशी धरते, मांड्यांतली ताकद जाते. दादाला उकिडवं बसल्यावर उठता येईना, तेव्हा तो आजार वाढल्याचं धरून बसला होता. खरं कारण गोळी होती. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, पायरीपायरीनं. गोळी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. आणखी एक: मेंदूत लिम्फोमाचा, म्हणजे लसीकापेशींच्या कर्करोगाचा, संशय असेल तर शक्यतो तुकडा काढून तपासण्याआधी स्टेरॉइड देत नाहीत, कारण त्यानं गाठ तात्पुरती विरते आणि निदान हुकतं.

४. इम्युनोथेरपीच्या नावानं शेत विकायला काढू नका.

निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध परतलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या मोठ्या चाचणीत जुन्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. आयआयटी मुंबई आणि टाटानं मिळून घडवलेल्या नेक्सकार-19 या टी-पेशींच्या उपचाराला 2023 मध्ये मंजुरी मिळाली, ही अभिमानाची गोष्ट. पण तो रक्ताच्या आणि लसीकापेशींच्या कर्करोगासाठी आहे. बोस्टनमध्ये 2023 साली मेंदूच्या गाठीवर तीन रुग्णांना तशाच पद्धतीचा नवा उपचार दिला, तेव्हा काही दिवसांतच गाठी आक्रसल्या, आणि दोघांत पुन्हा वाढल्या. रस्ता सापडतो आहे. चाचणीत भाग घ्यायचा असेल तर तो मान्यताप्राप्त रुग्णालयातच. तिथं त्या प्रायोगिक औषधाचे पैसे मागत नाहीत.

५. शेकानंतरचा पहिला एमआरआय बिघडलेला दिसला, तरी धीर सोडू नका.

शेकानंतर, म्हणजे किरणोपचारानंतर, साधारण पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच रुग्णांच्या चित्रात गाठ वाढल्यासारखी दिसते. किरणांनी जखमी झालेल्या पेशींभोवती दाह उसळतो, रक्तवाहिन्या झिरपतात, एमआरआयसाठी टोचलेलं रंगद्रव्य तिथं साचून भाग पांढरा चमकतो. खरी वाढ कोणती आणि ही कोणती, हे परफ्यूजन एमआरआयनं काहीसं कळतं. पुष्कळदा मात्र वाट बघून पुन्हा चित्र काढावं लागतं. आमचा तो रिपोर्ट पाहून धर्मशाळेत वहिनी रात्रभर जागी होती. डॉक्टरांनी उपचार बदलले नाहीत. पुढच्या एमआरआयमध्ये ती चमक ओसरली होती आणि दादाच्या टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या ठरल्याप्रमाणे चालू राहिल्या.