जीर्ण अर्धावभेदक : दोन वेगांमधील चिकित्सा आणि महाड-पोलादपूरचे ऋतुमान

अर्धावभेदकाचा रुग्ण वेदनेच्या वेगात दवाखान्यात येतो आणि वेग ओसरला की फिरकत नाही. प्रतिबंधक चिकित्सेचा काल मात्र दोन वेगांच्या मधला असतो. त्यामुळे रुग्णाला वेदना नसताना पुन्हा बोलावणे, हा या चिकित्सेतील पहिला आणि बहुधा सर्वांत कठीण उपक्रम होय.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात या व्याधीचा वेग दहा वा पंधरा दिवसांनी येतो असे सांगितले आहे. वाग्भटांनी पक्ष वा मास असा काल दिला आहे. आधुनिक वर्गीकरणानुसार, तीन महिन्यांहून अधिक काळ दरमहा १५ वा अधिक दिवस डोके दुखत असेल आणि त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीची लक्षणे असतील, तर तिला जीर्ण मायग्रेन म्हणतात. अर्थात आपल्यापुढील या रुग्णात शास्त्रोक्त अंतरच नाहीसे झालेले असते. ते का नाहीसे झाले याचा शोध घेतल्याविना काढे-चूर्ण देणे व्यर्थ आहे.

या शोधात प्रथम गोळ्यांची चौकशी करावी. आमच्या भागात वेदनाशामक गोळी किराणा दुकानातही मिळते, आणि 'औषध काही घेत नाही' असे सांगणाऱ्या बाईच्या पिशवीत तिची पट्टी सापडते. कारण तिच्या लेखी ते औषधच नव्हे. साधी वेदनाशामके महिन्यात १५ वा अधिक दिवस, अथवा अर्गोटामीन, ट्रिप्टान किंवा संयुक्त घटकांच्या गोळ्या १० वा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर गोळीच शिरःशूलाचे कारण ठरू शकते. साध्या गोळ्या बंद केल्यावर प्रारंभी काही दिवस वेदना वाढते. ही वाढ रुग्णास आधीच सांगून ठेवावी, अन्यथा तिसऱ्या दिवशी तो पुन्हा दुकानात जातो आणि वैद्यावरील विश्वासही गमावतो. निद्राकर वा अफूजन्य घटक असलेली औषधे मात्र एकाएकी थांबवू नयेत.

नोंदीसाठी वेगळी वही देऊ नये, ती लिहिली जात नाही. स्वयंपाकघरातील भिंतीवरचे कॅलेंडर पुरेसे आहे. दुखल्या दिवशी गोल, गोळी घेतली तर फुली, पाळीच्या दिवशी टिंब. लिहिता न येणाऱ्या आजीही हे करू शकतात. शिवाय उपवास, सण आणि तिथी त्याच पानावर असल्याने वेगाचा हेतूही बहुधा तेथेच दिसतो. (जुलै २०२१ च्या पुरात महाडमधील तळमजले पाण्याखाली गेले होते. नोंद रुग्णाच्या घरी आणि आपल्याकडे, अशी दोन्हीकडे असावी.)

चरकाचार्यांनी रूक्ष व अति भोजन, पूर्वेचा वारा, दव, वेगधारण, आयास इत्यादी हेतू सांगितले आहेत. ते आपल्या तालुक्यात कोणत्या वेशात येतात हे पाहावे. आषाढात लावणीसाठी केवळ चहा पिऊन चिखलात उतरणारी स्त्री दुपारपर्यंत उपाशी असते. श्रावणी सोमवार, पाठोपाठ गौरी-गणपतीची जागरणे, मग नवरात्राचे नऊ दिवस, ही साखळी अनेकींच्या कॅलेंडरवर गोलांची रांग उठवते. मुंबईस नोकरी करणारा चाकरमानी रात्रभर प्रवास करून पहाटे पोलादपुरास उतरतो आणि झोप न घेता कामास लागतो. आंबेनळी घाटाच्या वळणांनी मळमळ होऊन वेग सुरू झाल्याचे सांगणारेही असतात. 'पथ्य पाळा' असे मोघम सांगून यांपैकी काहीच बदलत नाही. लावणीस निघण्यापूर्वी अर्धी नाचणीची भाकरी आणि पेज, उपवासात निराहाराऐवजी वेळेवर दूध व फळे, प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी झोप, इतके नेमके सांगावे. सण सोडा असे सांगणारा वैद्य येथे टिकणार नाही, आणि तशी आवश्यकताही नाही.

आता नस्याविषयी. अणुतैलाच्या नस्यासाठी चरकाचार्यांनी प्रावृट्, शरद् व वसंत हे ऋतू सांगितले, पण आकाश निरभ्र असावे अशी अटही घातली. संशोधनाच्या ऋतुक्रमात प्रावृट् म्हणजे आषाढ-श्रावण. आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी त्या दोन महिन्यांत निरभ्र आकाश मिळणार कोठून? ऋतूचे नाव पाहून अट विसरणे येथे घातक आहे. उत्तर वाग्भटांनी दिले आहे. प्रतिमर्श नस्य अकाली व पावसाळी दिवसांतही चालते. दुष्ट प्रतिश्यायात मात्र ते वर्ज्य आहे. म्हणून पावसाळ्यात प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, सकाळी दात घासल्यावर वा प्रवासानंतर, इतकेच ठेवावे. तेल जोराने आत ओढू नये. मर्श नस्य कार्तिक-मार्गशीर्षात, भातकापणी उरकल्यावर, आणि पुन्हा शिमगा आटोपल्यावर योजावे. तेव्हा आकाशही मोकळे असते आणि रुग्णही. स्नेहन व मृदू स्वेदनानंतर सात दिवस, बलानुसार सहा ते दहा थेंब. गर्भिणीस, तसेच भोजनानंतर लगेच, देऊ नये. अर्धशिशीतील नस्याच्या लाभाविषयी मोठ्या तुलनात्मक चाचण्या थोड्या आहेत. म्हणून रुग्णास हमी देऊ नये, कॅलेंडरवरील गोल मोजावेत.

आभ्यंतर औषधांत पित्तानुबंध असता शार्ङ्गधरोक्त पथ्यादि क्वाथ, आणि कोष्ठ पाहून मृदू विरेचन. रसकल्प महिनोन्‌महिने चालू ठेवण्याची प्रथा मला मान्य नाही.

अनेक रुग्ण प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट यांसारखी प्रतिबंधक औषधे घेत असतात. 'आयुर्वेद सुरू केला' म्हणून ती परस्पर बंद करण्यास सांगू नये. प्रोप्रॅनोलॉल अचानक थांबविणे हृदयास अपायकारक ठरू शकते. प्रसवक्षम स्त्री व्हॅल्प्रोएट वा टोपिरामेट घेत असल्यास गर्भावरील परिणामांविषयी तिला कल्पना आहे का, हे विचारून तिला संबंधित डॉक्टरांकडे धाडावे.

अतिवृद्ध अर्धावभेदक नेत्र वा श्रवणाचा नाश करतो, हा शास्त्रातील इशारा विसरू नये. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला शिरःशूल, कानशिलावर स्पर्शासहत्व, चावताना जबडा दुखणे वा दृष्टी मंदावणे. क्षणार्धात पराकोटीस गेलेली वेदना. ताप व मान ताठरणे. अवयवाचे दौर्बल्य, वाणीदोष. शिरोघातानंतरची वा गर्भिणीतील नवी वेदना, या अवस्थांत नस्य नको, काढा नको. त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. पावसाळ्यात घाट बंद पडण्याचा संभव लक्षात घेऊन दुर्गम वाड्यांतील रुग्णास तर सकाळीच निघण्यास सांगावे.

परीक्षण तीन महिन्यांनी करावे. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले असतील आणि फुल्या दहाच्या खाली असतील, तर तोच क्रम पुढील ऋतूपर्यंत चालू ठेवावा. गोल तेवढेच राहिले असतील, तर औषध बदलण्यापूर्वी कॅलेंडर पुन्हा उघडून फुल्या खरोखरच सर्व मारल्या आहेत का, हे घरातील माणसांस विचारावे.