निर्णय अर्जुनाचाच



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३.

गेल्या आठवड्यात रात्री अकराला टीममधल्या एका ज्युनिअरचा फोन. "दादा, रिलीजनंतर एरर वाढल्यात. रोलबॅक करू ना?" 'कर' हा शब्द जिभेवर आलाच होता. लीड झाल्यापासून टीमचा प्रत्येक निर्णय माझ्याकडूनच जातो, आणि खरं सांगतो, याचा मला थोडा अभिमानही होता. पण त्याच सकाळी हा श्लोक वाचला होता.

अर्जुनालाही थेट उत्तरच हवं होतं. तिसऱ्या अध्यायात दुसऱ्याच श्लोकात तो म्हणतो, काय ते एक नक्की सांग. पाचव्याच्या सुरुवातीला पुन्हा तेच. (आपलं स्टँडअपच की!) भगवंत आपलं मत लपवत नाहीत. युद्ध कर, हे दुसऱ्या अध्यायापासून स्पष्ट आहे. पण ते त्यामागची कारणं उलगडतात, शंका विचारू देतात आणि अठराव्यात येऊन सांगतात की यावर पूर्ण विचार कर, मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. मूळ शब्द 'अशेषेण' आहे, म्हणजे काही शिल्लक न ठेवता. 'तू बघ काय ते' म्हणून हात झटकणं वेगळं. इथे आधी शिकवलंय, मग सोपवलंय.

कुणी म्हणेल, पुढे ६६व्या श्लोकात शरण ये म्हणतातच ना? हो. पण ७२व्यात ते परत विचारतात: लक्ष देऊन ऐकलंस ना, मोह गेला का? निर्णय येतो तो ७३व्यात, अर्जुनाच्या तोंडून. लगाम भगवंतांच्या हातात होते, धनुष्य त्यांनी उचललं नाही.

तर मी फोनवर विचारलं, "एरर नेमक्या कुणाला येतायत? आणि रोलबॅक केलं तर काय बिघडेल?" शांतता. मग तो लॉग बघायला लागला. नव्या टेबलमध्ये युजरचा डेटा जमा व्हायला लागला होता, जुना कोड परत आणला असता तर तो दिसेनासा झाला असता. मला हे माहीतच नव्हतं! त्यानं फक्त नवीन फीचर बंद केलं. चाळीस मिनिटं लागली. मी पाच मिनिटांत 'कर' म्हणून झोपलो असतो, आणि सकाळी लोकांचा डेटा शोधत बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये कुणीतरी त्याला प्रश्न विचारला, आणि उत्तर परत मीच देऊन टाकलं. लक्षात आलं तेव्हा तो माझ्याकडे बघत होता.

उद्या ७२वा श्लोक घेऊ. वाचून या.