वेल वांझ नसतो : माघ-फाल्गुनातली परसबाग



थंडी ओसरली की परसबागेचं रूप पालटतं. शेवग्याला फुलं लागतात, कढीपत्त्याला कोवळी पालवी येते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत लावलेले दुधी, काकडी, भोपळा, दोडका, कारलं यांचे वेल भराभर चढायला लागतात. याच दिवसांत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो : “वेलाला फुलं भरपूर येतात, पण सगळी गळून जातात. वेल वांझ निघाला. उपटून टाकू का?”

उपटू नका. वांझ हा शब्द बाईला लावायचा नाही असं आपण गटात ठरवलंय, वेलालाही तो लावायचं कारण नाही. नेमकं काय घडतं ते या पाठात समजून घेऊ.

नर फूल आणि मादी फूल

या वेलांना एकाच वेलावर दोन प्रकारची फुलं येतात. नर फुलाचा देठ साधा, बारीक असतो. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं छोटं फळ दिसतं. दुधीला छोटा दुधी, काकडीला छोटी काकडी. वेलाला आधी नर फुलं येतात, मादी फुलं त्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांनी दिसतात. म्हणजे सुरुवातीला गळतात ती नर फुलं. ती गळणारच, त्यांचं कामच तेवढं असतं.

मादी फूल आलं आणि मागचं फळ पिवळं पडून गळलं, तर मात्र परागीभवन झालेलं नाही असं समजा. म्हणजे नर फुलाची पिवळी भुकटी मादी फुलापर्यंत पोचली नाही. हे काम मधमाश्या, भुंगे, पतंग करतात. ते कमी असतील तर आपण हाताने करायचं.

हाताने परागीभवन

1. ताजं उमललेलं नर फूल तोडा आणि त्याच्या पाकळ्या काढून टाका.
2. मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं.
3. वेळ महत्त्वाची. भोपळा, काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, म्हणून हे काम सकाळी लवकर करा. दुधीची पांढरी फुलं आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांचं काम दिवेलागणीला.

भोपळ्याच्या फुलांची भजी करायची असतील तर नर फुलंच तोडा, आणि थोडी वेलावर राहू द्या. दुधीचा वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडा. बाजूने फांद्या फुटतात आणि मादी फुलं त्या फांद्यांवर जास्त येतात. वेल नुसता पानांनी माजला असेल तर युरिया घालू नका. त्याने पाला वाढतो, फळ नाही.

कोवळ्या वाढीचे शत्रू

रोप दोन-चार पानांचं असताना तांबडे भुंगेरे पानं खाऊन चाळणी करतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचा. दव असताना पानांवर चुलीची राख भुरभुरवली तरी उपयोग होतो.

कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला तर निंबोळी अर्क वापरा. 50 ग्रॅम निंबोळी कुटून 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. फुलांवर फवारू नका.

पाणी

पुढचे तीन महिने खरी परीक्षा पाण्याची. प्यायच्या पाण्यातून बाग नको. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी थेट आळ्यात घाला. आंघोळीचं पाणी केळी आणि अळूकडे वळवा. जुन्या मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात घाला, मडकं वेलाजवळ गळ्यापर्यंत पुरा आणि पाण्याने भरून झाका. पाणी मुळाशी हळूहळू झिरपतं. आळ्यात पालापाचोळा पसरला की माती लवकर वाळत नाही.

मेथी, कोथिंबीर आता ऊन लागून लवकर फुलावर येते. त्या जागी माठ, राजगिरा, अंबाडी, चवळी पेरा. भेंडी, गवारही आता चालते. बी रात्रभर भिजवून लावलं की उगवण चांगली होते.

बी राखा, पण पारखून

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं. 2020 सालच्या पद्मश्रीसाठी त्यांची निवड झाली. बी राखणं हे घरातल्या बाईचं ज्ञान आहे, हे त्यांच्यामुळे सगळ्यांना दिसलं. आपणही चांगल्या वेलावरचं एक फळ बियांसाठी वेलावरच पूर्ण पिकू द्यावं. पाकिटातल्या संकरित बियाण्याचं बी मात्र राखू नका, पुढचं पीक तसं येत नाही.

एक महत्त्वाची सूचना : दुधी चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका. तो शिजवू नका, रस काढू नका, त्याचं बीही राखू नका. कडू दुधीने विषबाधा होते. “वाया कशाला घालवायचा” म्हणून घरातली बाई तो स्वतः खाते. तसं अजिबात करायचं नाही.

पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काम

- आपल्या वेलावरची नर आणि मादी फुलं ओळखा. मुलांनाही दाखवा.
- चार आठवडे वहीत दोन रकाने लिहा : विकत आणलेल्या भाजीचा खर्च आणि बागेतून आलेली भाजी. बाजारभावाने तिची किंमत मांडा.
- पहिली भाजी कोणाच्या ताटात गेली आणि आपल्या ताटात किती आली, तेही लिहा.
- जास्तीचं गावरान बी पुडीत बांधून, नाव लिहून बैठकीला आणा. अदलाबदल करू.

वही आणायला विसरू नका. खर्च वाचला की तो आकडा बचतीच्या चर्चेत मांडता येईल. ज्या ताईकडे जागा नाही तिने जुन्या पोत्यात एक दोडक्याचा वेल लावून सुरुवात करावी.

— आपली क्षेत्र समन्वयक