कर्ली नदीतील कयाक आणि भरतीची वेळ

प्रश्न : देवबागजवळ कर्ली नदीत प्रथमच कयाक वल्हवण्याचा कुटुंबाचा बेत आहे. खाडीत लाटा नसतात, तेव्हा कोणतीही वेळ चालेल ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बेत उत्तम आहे, मात्र लाटा नसणे म्हणजे प्रवाह नसणे नव्हे, कारण मुखाजवळच्या नदीत पाणी भरतीला आत शिरते व ओहोटीला समुद्राकडे ओढले जाते, आणि ही ओढ अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात सर्वाधिक असते. म्हणून भरती संपण्याच्या तासभर आधी निघून नदीच्या वरच्या अंगाला, कांदळवनाच्या कडेने जावे आणि पाणी थबकताच परतावे. कोकणात तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ मानतात. त्या हिशेबाने द्वादशीला ती सकाळी नऊच्या सुमारास येते, तरी नेमकी वेळ स्थानिक होडीवाल्यांकडून पडताळावी. नांगरलेल्या होडीचे तोंड नदीच्या वरच्या दिशेला वळलेले दिसल्यास ओहोटी लागली असे समजावे. संगमाकडे मुळीच जाऊ नये. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळच योग्य. पोहता न येणाऱ्यांनीही घाबरण्याचे कारण नाही. रुंद बुडाची दोनआसनी कयाक, सोबत जाणकार आणि पट्टे आवळलेले लाइफ जॅकेट मात्र हवेच.