नीस, दार आणि खाना

बाळ, तू रणजित देसाईंची ‘स्वामी’ ही माधवराव पेशव्यांवरची कादंबरी वाचायला घेतलीस हे ऐकून फार बरं वाटलं. पण दर दोन ओळींनी पुस्तक पालथं घालून फोनवर अर्थ शोधत बसतेस, असं तुझी आई सांगत होती. ते आधी थांबव. तुझ्या आजोबांनी मला वाचनाचं जे वळण लावलं ते आता तुझ्या हाती देते, आत्याचं एवढं ऐक.

पहिली गोष्ट, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक टिंब दे आणि पुढे जा. अर्थाचा अंदाज मनाशी बांध, पण थांबू नकोस. ऐतिहासिक कादंबरीतला शब्द एकदाच येऊन जात नाही. ‘खलिता’ येतो, मग तो कुणीतरी थैलीतून काढतो, सांडणीस्वार तो घेऊन दौडतो, चिटणीस तो वाचून दाखवतो. एवढं झाल्यावर तुला कोश हवा तरी कशाला? टिंबं दिलेले शब्द रात्री एकदम बघ. निम्म्यांचे अर्थ तोवर तुझे तुलाच लागलेले असतील.

उरलेल्यांसाठी वही कर. पण अकारविल्हे यादी करू नकोस, ती पाठ होत नाही. आजोबा शब्द घराण्यांनी लिहायचे, आणि मला वाटतं सगळी किल्ली यातच आहे. पहिल्या पानावर ‘नीस’ घराणं लिही. फारसीत लिहिणाऱ्याला ‘नवीस’ म्हणतात, आपल्याकडे त्याचं नीस झालं. चिटणीस पत्रव्यवहार सांभाळणारा, फडणीस हिशेब आणि दफ्तर बघणारा, पोतनीस खजिन्याचा, पारसनीस फारसी पत्रांचा, कारखानीस कोठारांचा, सबनीस हजेरीपटाचा. प्रत्येकापुढे अर्थाऐवजी त्याचं काम लिही. शिवाजी महाराजांच्या गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे अधिकारी असत, जोडीला कारखानीस. गड एकाच्या मर्जीवर राहू नये म्हणून ही वाटणी होती. हे कळलं की कादंबरीत सबनीस एखाद्या हुकमाला हरकत घेतो तेव्हा तो भांडखोर वाटत नाही, आपलं काम करतोय हे दिसतं. कामासकट शिकलेला शब्द डोक्यातून जात नाही.

दुसरं घराणं ‘खान्या’चं. मुदपाकखाना म्हणजे स्वयंपाकघर, जामदारखान्यात दागिने, वस्त्रं, मौल्यवान चिजा, फरासखान्यात तंबू, कनाती, बैठकी, पीलखान्यात हत्ती, उष्टरखान्यात उंट, शिलेखान्यात हत्यारं, अंबारखान्यात धान्य. पुण्यात तुम्ही फरासखान्यावरून जाता, हुजूरपागेसमोर रिक्षा थांबवता. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा होती त्या जागी आज मुलींची शाळा आहे. तिसरं घराणं ‘दारां’चं: किल्लेदार, सुभेदार, जमादार, दफ्तरदार. यातले कितीतरी शब्द आडनावं होऊन सोसायटीच्या पाट्यांवर बसले आहेत. मुजुमदार, चिटणीस, बिनीवाले ही नावं दिसली की त्यांच्या पूर्वजांचं काम आठवून बघ, वहीची उजळणी आपोआप होते.

आता जरा सावध करते. अनोळखी शब्द फार फसवत नाहीत, ओळखीचे फसवतात. ‘दारू’ आली म्हणजे बहुतेक वेळा तोफेची दारू. ‘कारखाना’ म्हणजे यंत्रं नव्हेत, सरकारी कोठार किंवा खातं. महाराजांचे अठरा कारखाने आणि बारा महाल होते ते या अर्थाने. ‘मोर्चे लावले’ म्हणजे वेढ्यात तोफा आणि माणसं आडोशाला बसवली, घोषणा देत कुणी निघालं नव्हतं. गडाचा हवालदार हा गडावरचा मोठा अधिकारी, आजच्या पोलीसचौकीतला नव्हे. आणि जुन्या पत्रांत ‘राजकारण’ आलं तर तिथे बोलणी, संधान, गुप्त खटपट असं काहीतरी चाललेलं असतं. असे शब्द वहीत वेगळ्या पानावर ठेव. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ असे दोन रकाने कर. हे पान मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण इथे आपण वाक्य समजल्याच्या भ्रमात पुढे जातो.

पुढे ‘पानिपत’ कादंबरी वाचशील तेव्हा फौजेचे शब्द येतील. ते सुटे पाठ करू नकोस. कागदावर चालती फौज आख. सगळ्यांच्या पुढे बिनी, ती वाट आणि मुक्कामाची जागा बघते. मध्ये गोल, जरीपटका, खाशा स्वाऱ्या. पाठीशी चंदावल. आणि या सगळ्यांना चिकटून बुणगे, म्हणजे न लढणारी माणसं, बायकामुलं, व्यापारी, यात्रेकरू. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येतो, बारगिराला घोडा सरकारातून मिळतो. हे चित्र समोर असलं की १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर गोल बांधून, म्हणजे बुणगे आत घेऊन लढायचं ठरलं, तेव्हा बुणग्यांना सांभाळत पुढे सरकणं किती अवघड होतं ते तुला आतून कळेल. निव्वळ अर्थ पाठ केलेस तर तो प्रसंग वाचूनही कळणार नाही.

शिवकाळावरच्या कादंबरीत आणखी एक गोम आहे. राज्याभिषेक १६७४ चा. त्याच्या आधी पेशवा, मुजुमदार, वाकनीस, डबीर, सुरनीस, सरनोबत; नंतर तेच मुख्य प्रधान, अमात्य, मंत्री, सुमंत, सचिव, सेनापती. महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याच धोरणातला हा बदल. या जोड्या समोरासमोर लिहून ठेव, नाहीतर एकच माणूस तुला दोन वाटेल.

पत्रांवरच्या तारखांना घाबरू नकोस. ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असं काही दिसलं की ते अरबी आकडे आहेत: एक, साठ, शंभर, हजार. बेरीज ११६१, हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवलेस की इसवी सन येतो, १७६०-६१. वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जूनपासूनच्या महिन्यांना ५९९ आणि जानेवारीपासूनच्यांना ६००. पानिपताचं वर्ष हेच. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर एवढे दहा पाठ कर, फार काम होतं.

कोशांबद्दल थोडक्यात. मराठीतून अर्थ हवा असेल तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. मोल्सवर्थचा कोशही जवळ ठेव. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम तेरा वर्षं झाली होती, म्हणजे हे शब्द लोकांच्या तोंडात असतानाच टिपलेले आहेत. १८५७ ची दुसरी आवृत्ती जास्त भरलेली आहे. दोन्ही कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. फारसी शब्दाच्या मुळाशी जायचं असेल तर माधव जूलियन यांचा फार्सी-मराठी कोश, १९२५ चा, ग्रंथालयात माग.

गडांचे शब्द मात्र कोशात शोधू नकोस, पायांनी शीक. राजगडाला जा. पद्मावती माचीवर उतर, सुवेळा आणि संजीवनीवर फिर, बालेकिल्ला चढ. माची, तट, बुरूज, चोरदरवाजा, टाकं हे एका दिवसात कायमचे तुझे होतील.

आणि कादंबरीतली भाषा ही कादंबरीकाराची असते हे ध्यानात ठेव. रणजित देसाईंची पात्रं बोलतात तसं माधवराव पेशवे बोलत असतील असं धरून चालू नकोस. म्हणून ‘स्वामी’ संपली की अस्सल जुनं काहीतरी लगेच वाच. मी सभासदाची बखर सुचवेन. ती लहान आहे, आणि महाराजांनंतर थोड्याच वर्षांत, राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेली आहे. वाचताना मोठ्याने वाच. जुन्या लिखाणात आजच्यासारखी विरामचिन्हं नसत, वाक्य कुठे मोडायचं ते आवाजानेच कळतं. आजोबा तर मला समोर बसवून वाचायला लावायचे आणि मी चुकीच्या जागी श्वास घेतला की मागच्या ओळीपासून पुन्हा म्हणायला सांगायचे. दिवाळीत येशील तेव्हा वही आण, आपण दोघी अफजलखानाचं प्रकरण तसंच वाचू.