कमेन्स म्हणजे नक्की कधीपासून?



आज एकच इंग्रजी शब्द घेऊ: कमेन्स. अर्थ सोपा, सुरू होणं किंवा सुरू करणं. स्टार्ट आणि बिगिन आपल्या कानावरचे आहेत, हा त्यांचाच भाऊ, पण कागदावर राहणारा. होडीचं इंजिन आपण स्टार्ट करतो. इंजिन कमेन्स केलं म्हटलं तर पोरं हसतील. (बिगिनही तिथे चालत नाही.) पण तलावाचा ठेका, विमा, सरकारी आदेश, यांत हाच बसलेला असतो.

गेल्या वर्षी आपल्या एका सभासदाला याचा फटका बसला. विम्याचा फॉर्म भरला, पैसे भरले, पावती घेतली. आठ दिवसांनी जाळं ओढताना पाय घसरला, हात मोडला. दावा नामंजूर. कागदावर 'रिस्क कमेन्सेस फ्रॉम' पुढे पुढच्या महिन्याची १ तारीख होती. आम्ही मंडळीतल्यांनीही फक्त पावतीची तारीख पाहिली होती, हे कबूल करतो.

म्हणजे सही, पावती आणि सुरुवात या तीन वेगळ्या तारखा असू शकतात. आपल्या संविधानाचंच बघा ना. ते स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला. नागरिकत्वासारखी थोडी कलमं त्याच दिवशी लागू झाली, बाकीची २६ जानेवारी १९५० ला. कलम ३९४ या दुसऱ्या दिवसाला संविधानाचं कमेन्समेंट म्हणतं. कमेन्समेंट म्हणजे प्रारंभ. कायद्याच्या पहिल्या कलमात हा शब्द बहुतेक वेळा सापडतोच.

ठेक्यात 'लीज शॅल कमेन्स फ्रॉम द डेट ऑफ पझेशन' असं असेल, तर मुदत ताबा मिळाल्या दिवसापासून मोजायची. आदेश मे महिन्यात निघाला आणि तलाव जुलैत हातात आला, तर वर्ष जुलैपासून. इथे हा शब्द आपल्या बाजूचा आहे, मे-जूनचे दिवस वाया जात नाहीत. मात्र ताबापावतीवर तारीख घालून घ्या.

लिहिताना 'कमेन्स फिशिंग' लिहावं, 'कमेन्स टू फिश' आता जुनाट वाटतं. स्पेलिंगमध्ये एम दोनदा येतो. अमेरिकेत कॉलेजच्या पदवीदान समारंभालाही कमेन्समेंट म्हणतात, शिक्षण संपतं त्या दिवसाला! असो.

चलथाणमधल्या ज्यांच्याकडे यंदाचा विम्याचा कागद आला आहे, त्यांनी तो रविवारी संध्याकाळी मंडळीत आणावा. सुरुवातीची तारीख शोधून लाल पेनाने गोल करून देऊ.